जुन्या गाडीचा धूर परत परत येतोय? इंजिन उघडण्याआधी हे तपासा

माझ्या एकोणीस वर्षं जुन्या पेट्रोल गाडीनं दोन वर्षांत तीनदा निळा धूर सोडला. पहिल्यांदा मेकॅनिकनं सायलेन्सरकडे एक नजर टाकली आणि निकाल दिला, "रिंगा गेल्या, काम काढावं लागेल." काम काढलं, म्हणजे इंजिन उघडलं. पिस्टनभोवतीच्या नव्या रिंगा पडल्या, इंजिन बांधून झालं, चार महिने गाडी छान पळाली आणि एका सकाळी धूर परत हजर. दुसऱ्या गॅरेजात व्हॉल्व्हची सीलं बदलली. धूर कमी झाला, पण गेला नाही. तिसऱ्या खेपेला मी इंजिन कुणाला उघडूच दिलं नाही. आठवडाभर वही घेऊन गाडीच्या मागे लागलो. शेवटी सापडलं काय, तर काजळीनं बुजलेली ब्रीदरची (इंजिनात साठणारा गॅस बाहेर काढणाऱ्या व्यवस्थेची) एक वाट, जेमतेम बोटभर लांबीची.

रिंगा आणि सीलं बदलून जे गेलं नाही ते एका दुपारच्या साफसफाईनं गेलं. म्हणून हा लेख. धुराच्या रंगावरून काय जळतंय एवढंच कळतं. ते कुठून येतंय हे कळायला धूर *कधी* येतो ते बघावं लागतं, आणि नेमकं हेच गॅरेजात कुणी विचारत नाही. तिथे गाडी पोहोचते तेव्हा गरम झालेली असते आणि सकाळचा धूर केव्हाच विरलेला असतो.

आधी आठवडाभर नोंद

रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी, सपाट जागेवर, ऑइलची डिपस्टिक (पातळी मोजायची पट्टी) आणि कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, टाकीची पातळी बघा. किलोमीटरचा आकडा लिहा. दिवसभरात धूर कधी दिसला तेही लिहा: सेल्फ मारल्या मारल्या, सिग्नलला थांबून निघताना, चढावर, उतार संपून पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबताना, की सतत.

बहुतेक लहान गाड्यांमध्ये डिपस्टिकच्या खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण एक लिटरचं अंतर असतं, त्यामुळे ऑइल किती जातंय याचा अंदाज घरबसल्या येतो. हजार किलोमीटरला एक लिटरपर्यंत ऑइल जाणं अनेक कंपन्या कागदोपत्री मान्य करतात. माझ्या मते ही कंपनीनं स्वतःसाठी ठेवलेली पळवाट आहे. धडधाकट इंजिन याच्या निम्मंसुद्धा खात नाही. पण हजारला पाव लिटर जात असेल तर जुन्या गाडीचं काम काढायची घाई नको. भरा आणि चालवा.

पातळी वाढत असेल तर मात्र सावध व्हा. ऑइल आपोआप वाढत नसतं. त्यात पेट्रोल किंवा डिझेल उतरतंय, नाहीतर पाणी. डिपस्टिकचा वास घ्या. इंधनाचा वास आला किंवा ऑइल दुधाळ दिसलं तर गाडी चालवू नका, कारण पातळ झालेलं ऑइल बेअरिंगं खातं.

अजून एक साधी गोष्ट. इंजिन चालू असताना सायलेन्सरच्या तोंडापासून हातभर अंतरावर पांढरा कागद मिनिटभर धरा. नुसते पाण्याचे थेंब पडले तर वाळून डाग उरत नाही. कोरडी काळी भुकटी म्हणजे काजळी. वाळल्यावरही राहणारे तेलकट ठिपके म्हणजे ऑइल. हे सगळं उघड्यावर करा. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून धूर तपासणं जिवावर बेतू शकतं. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास.

निळा धूर

निळसर, उग्र वासाचा, हवेत रेंगाळणारा धूर म्हणजे ऑइल जळतंय. ऑइल सिलिंडरमध्ये शिरायच्या वाटा मोजक्याच: वरून व्हॉल्व्हच्या दांड्यावरून, खालून रिंगांच्या बाजूनं, हवेबरोबर ब्रीदरमधून, आणि टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) असेल तर त्याच्या सीलमधून.

रात्रभर उभ्या गाडीला सकाळी सेल्फ मारला की निळा भपका आला आणि मिनिटाभरात साफ झाला, तर संशय व्हॉल्व्ह सीलांवर घ्या. रबर कडक झालेलं असतं, रात्रभरात हेडमधलं (इंजिनाच्या, व्हॉल्व्ह बसवलेल्या वरच्या भागातलं) ऑइल थेंब थेंब खाली झिरपतं आणि सकाळी जळतं. खात्री करायची तर गरम गाडी चार-पाच मिनिटं आयडलिंगवर ठेवा आणि मग एकदम रेस करा. एक भपका येऊन विरला तर सीलं. लांब उतारावर गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर सोडून आल्यावर तळाशी पाय देताच भपका येतो, तोही याच कुटुंबातला. थ्रॉटल (हवेची झडप) बंद असताना मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला, व्हॅक्यूम जोरात ओढतो आणि झिजलेल्या व्हॉल्व्ह गाइडमधून (व्हॉल्व्हचा दांडा सरकतो त्या नळीतून) ऑइल आत जातं. गाइडच झिजलेली असेल तर नुसतं सील बदलून भागत नाही. व्हॉल्व्ह आत हलत राहतो आणि नवं सीलही लवकरच ढिलं होतं. "सीलं बदलली होती, तरी परत धूर" या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं.

जोर लावल्यावर, चढावर, भरल्या गाडीत धूर वाढत जातो आणि पाय काढला की कमी होतो, तेव्हा रिंगांकडे वळा. जोडीला पिकअप पडलेला असतो, कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) कमी भरतं, आणि चालू इंजिनाचं ऑइल कॅप काढलं तर आतून धापा टाकल्यासारखा धूर बाहेर येतो. एक मधली अवस्थाही असते. रिंगा झिजलेल्या नसतात, कार्बननं खाचेत चिकटलेल्या असतात. बरेच दिवस उभी राहिलेली किंवा फक्त जवळच्या जवळ फिरणारी गाडी असेल तर प्लगच्या भोकातून कार्बन सोडवणारं द्रव रात्रभर टाकून ठेवून बघायला हरकत नाही. सकाळी प्लग काढलेले असतानाच सेल्फ फिरवून उरलेलं द्रव बाहेर काढा, मग ऑइल आणि फिल्टर बदला. कधी उपयोग होतो, कधी नाही. पण काम काढण्याआधी एवढा प्रयत्न करून बघावा.

आता ब्रीदर, म्हणजे पीसीव्ही. माझ्या गाडीचा गुन्हेगार. कितीही चांगल्या इंजिनात थोडा गॅस रिंगांच्या बाजूनं खाली चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या, ऑइल असलेल्या भागात) उतरतोच. त्याला बाहेर पडायला एक व्हॉल्व्ह आणि नळी दिलेली असते, ती इन्टेक मॅनिफोल्डला जोडलेली असते. ही वाट बुजली की चेंबरमध्ये दाब साठतो आणि ऑइल मिळेल त्या फटीतून पळतं: सीलांमधून, टॅपेट कव्हरच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) गास्केटमधून, एअर फिल्टरच्या डब्यात. उलट व्हॉल्व्ह उघडाच अडकला तर मॅनिफोल्ड ऑइलची वाफ सरळ ओढून घेतं. दोन्ही बाबतीत निळा धूर, आणि दोन्ही बाबतीत रिंगांवर आळ.

तपासणी दोन मिनिटांची. इंजिन गरम, आयडलिंगवर. ऑइल कॅप काढा आणि तोंडावर पातळ कागदाचा तुकडा ठेवा. पेट्रोल इंजिनात तो हलकासा आत ओढला गेला पाहिजे. वर उडाला तर चेंबरमध्ये दाब आहे. माझा कागद बॉनेटपर्यंत उडाला. मग एअर फिल्टरचा डबा उघडला, तर तळाशी ऑइलचं थारोळं! दोन गॅरेजांमध्ये मिळून निदान चार जणांनी तो डबा हाताळला असणार. पीसीव्ही व्हॉल्व्ह बाहेर काढून कानाजवळ हलवा. खुळखुळला तर बहुतेक ठीक, नाही खुळखुळला तर अडकलाय. माझा खुळखुळत होता, म्हणून आणखी एक दिवस वाया गेला. बुजली होती टॅपेट कव्हरच्या आतली, पत्र्यानं झाकलेली वाट. कव्हर काढून ती डिझेलनं भिजवली, तारेनं टोकरली, हवेनं फुंकली. नव्या रिंगांनी खाली उतरणारा गॅस थोडा कमी केला होता म्हणून ते चार महिने निभावले, एवढंच.

ऑइल गरजेपेक्षा जास्त भरलेलं असलं तरीही निळा धूर येतो. हसू नका, सर्व्हिसिंगनंतर लगेच सुरू झालेला धूर असेल तर आधी हेच बघा.

पांढरा धूर

सकाळच्या गारठ्यात सायलेन्सरमधून पांढरी वाफ येणं आणि पाणी टपकणं हा आजार नाही. एक लिटर पेट्रोल जळालं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. थंड सायलेन्सरमध्ये ते दिसतं, गरम झाल्यावर दिसेनासं होतं. ही वाफ पातळ असते आणि हातभर अंतरात विरते.

काळजी करायचा पांढरा धूर दाट असतो, गाडी गरम झाली तरी थांबत नाही, त्याला गोडसर वास असतो, आणि वहीत कूलंटची पातळी उतरत असते. इंजिन पाणी खातंय. कारण बहुधा हेड गास्केट (हेड आणि त्याखालचं इंजिन यांच्यातला सांधा बंद ठेवणारा पत्रा), क्वचित तडा गेलेलं हेड.

उघडण्याआधी खात्री करा. गाडी पूर्ण थंड असताना सुरू करा आणि रेडिएटरची वरची नळी दाबत राहा. पाणी कोमट व्हायच्या आतच, एक-दोन मिनिटांत नळी दगडासारखी टणक झाली तर ज्वलनाचा गॅस पाण्यात शिरतोय. थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढून सुरू केलं तर सतत बुडबुडे दिसतील. (गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका. दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडल्याक्षणी उकळतं आणि तोंडावर येतं.) पेट्रोल गाड्यांसाठी एक रासायनिक चाचणीही असते. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी बसवून आतली हवा त्यातून खेचतात, कार्बन डायऑक्साइड असेल तर निळ्याचं पिवळं होतं. आणि प्लग काढून बघा. तीन तपकिरी आणि एक धुऊन काढल्यासारखा स्वच्छ असेल तर पाणी त्या स्वच्छ प्लगच्या सिलिंडरमध्ये जातंय.

ऑइल कॅपच्या आत पिवळट साय दिसली म्हणून लगेच घाबरू नका. छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत इंजिन पुरतं तापत नाही आणि तिथे ओलावा साठतो. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल तर एक लांब फेरी मारून या. डिपस्टिकवरही साय असेल तर फेरी मारू नका.

सकाळी सेल्फ एकदम अडकला, "ठक्" करून थांबला, आणि कूलंट कमी होत असल्याचं तुम्हाला माहीत आहे, तर पुन्हा सेल्फ मारू नका, धक्का तर अजिबात नको. सिलिंडरमध्ये पाणी भरलेलं असू शकतं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून मग इंजिन फिरवा.

आता परत परत जाणाऱ्या गास्केटबद्दल. गास्केट आपणहून क्वचितच जातं. गाडी तापली म्हणून ते गेलं, आणि गाडी कशानं तापली ते कुणी बघितलं नाही, तर नवंही जाणार. पंखा वेळेवर सुरू होतो का, थर्मोस्टॅट उघडतो का, रेडिएटर आतून चोंदलाय का, वॉटर पंपचे पाते गंजून झडलेत का, झाकण दाब धरतं का, ही सगळी प्रश्नं गास्केटच्या आधीची. दुसरं, हेड उतरवल्यावर ते सरळ आहे का हे सरळपट्टी आणि फीलर गेजनं मोजलंच पाहिजे. बऱ्याच अ‍ॅल्युमिनियम हेडांना चालणारा वाक मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी असतो. तो डोळ्यांना दिसत नाही. "हेड चांगलं आहे, हात फिरवून बघितलं" हे उत्तर चालवून घेऊ नका, फेसिंगला (पृष्ठभाग घासून सपाट करायला) पाठवा. तिसरं, बऱ्याच इंजिनांचे हेड बोल्ट एकदाच वापरायचे असतात. ते कसताना ताणले जातात. जुनेच परत लावले तर पकड कमी पडते.

गास्केट दोन सिलिंडरच्या मध्येच फुटलं तर धूर येतच नाही बरं का. इंजिन नुसतं मिसिंग मारतं, आणि कॉम्प्रेशन तपासलं की शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी भरतात.

एक दुर्मिळ प्रकार, पण माहीत असावा. दाट पांढरा धूर आहे, कूलंट तसूभरही कमी नाही, आणि ब्रेक ऑइल मात्र बाहेर गळती नसताना उतरतंय. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरचं मागचं सील गेलेलं असतं, ब्रेक ऑइल बूस्टरमध्ये (ब्रेकला जोर देणाऱ्या डब्यात) साचतं आणि व्हॅक्यूमच्या नळीतून इंजिनात ओढलं जातं. गास्केट बदलून धूर जाणार नाही, आणि त्याआधी ब्रेक दगा देतील. गाडी जागेवरच ठेवा.

काळा धूर

काळा धूर म्हणजे इंधन जास्त, हवा कमी. पेट्रोलला साधारण चौदा पूर्णांक सात पट वजनाची हवा लागते. हा मेळ बिघडला की काजळी होते, अ‍ॅव्हरेज पडतं. तिन्हींमध्ये हा सगळ्यात कमी भीतीचा, पण दुर्लक्ष केलं तर जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून वितळतो.

एअर फिल्टर सगळेच बघतात. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर चोक पूर्ण उघडतो का, फ्लोटमध्ये पेट्रोल शिरलंय का, सुई झिजलीय का ते बघा. इंजेक्शनच्या गाडीत माझा पहिला संशय कूलंटच्या तापमानाच्या सेन्सरवर असतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत असे दोन सेन्सर असतात, एक डॅशबोर्डच्या काट्यासाठी आणि दुसरा इंजिनाच्या संगणकासाठी. काटा बरोबर दाखवतो म्हणून आपण निर्धास्त, आणि दुसरा मात्र "इंजिन अजून गार आहे" असं सांगत राहतो. मग संगणक पेट्रोल ओततच राहतो. मल्टिमीटर लावा. नेहमीच्या सेन्सरचा रोध वीस अंशांना दोन-अडीच किलोओहम आणि ऐंशी अंशांना तीनशे ओहमच्या आसपास असतो. गरम इंजिनावरही हजारात आकडा असेल तर सेन्सर बदला. थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तरी इंजिन खरोखरच गार राहतं आणि परिणाम तोच.

फ्युएल प्रेशर रेग्युलेटरला व्हॅक्यूमची बारीक नळी असेल तर ती काढून हुंगा. आत पेट्रोल असेल तर पडदा फाटलाय. वहीत ऑइल वाढताना दिसत होतं ना, त्याचं कारण हे असू शकतं.

स्कॅनर लावायची सोय असेल तर लावा, पण कोड म्हणजे निदान नव्हे. पी ०१७२ एवढंच सांगतो की मिश्रण दाट आहे. ऑक्सिजन सेन्सरनं ते ओळखलं म्हणून त्यालाच बदलणं ही नेहमीची चूक.

डिझेलसाठी थोडं वेगळं

डिझेलमध्ये सकाळचा पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर हा बहुधा न जळालेल्या डिझेलचा असतो. ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे) तपासा. चांगल्याचा रोध एखाद-दोन ओहमच्या आतबाहेर, गेलेल्याचा अमर्याद. प्लग ठीक असतील तर इंजेक्टर, टायमिंग, कॉम्प्रेशन. जोर लावताना काळा धूर आणि पडलेला पिकअप असेल तर टर्बोपासून मॅनिफोल्डपर्यंतच्या रबरी नळ्या हातानं चाचपा. फट सहसा खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला असते. ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकणं हे दुसरं कारण.

निळा धूर आला की टर्बोवर खापर फुटतं. टर्बो बदलण्याआधी त्यातून ऑइल परत खाली आणणारी नळी आणि ब्रीदर मोकळे आहेत ना ते बघा. ऑइलला खाली उतरायला वाट नसेल तर नवाकोरा टर्बोसुद्धा ऑइल सोडतो.

टर्बोचं सील पूर्ण गेलं तर डिझेल इंजिन स्वतःच्याच ऑइलवर पळत सुटू शकतं. किल्ली काढली तरी थांबत नाही. गिअरची गाडी असेल तर वरचा गिअर टाका, ब्रेक घट्ट दाबा, क्लच सोडा आणि बंद पाडा. ते जमलं नाही तर गाडीपासून लांब व्हा. हवा बंद करायला हात इन्टेकच्या तोंडाशी नेऊ नका.

कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय काम काढू नका

सगळे प्लग काढा, इग्निशन आणि इंधन बंद करा, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली असू द्या, आणि गरम इंजिन गेज लावून पाच-सहा फेरे फिरवा. पेट्रोल इंजिन सहसा दहा ते तेरा बार भरतं, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. आकड्यापेक्षा सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. तो दहा-पंधरा टक्क्यांच्या पुढे नको. एखादा कमी असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा. आकडा वर गेला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गास्केट. डिझेलमध्ये ऑइल टाकायचा हा प्रयोग करू नका, तिथली जागा इतकी कमी असते की आकडा खोटा येतो आणि इंजिनाला इजा होऊ शकते.

त्याहून नेमकी चाचणी म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून ती कुठून सुटते ते ऐकणं. ऑइल कॅपमधून फुसफुसली तर रिंगा, थ्रॉटलकडून आली तर इन्टेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गास्केट.

तिसऱ्या खेपेला माझ्या गाडीचे चारही सिलिंडर साडेअकरा ते बाराच्या दरम्यान भरले. पहिल्या खेपेला हे मोजलं असतं तर जुन्या रिंगांची खरी अवस्था तरी कळली असती. आता ते कळायचा मार्ग नाही.

दुरुस्तीनंतरचे पहिले दिवस

दोष दूर झाला तरी धूर त्याच दिवशी थांबत नाही. सायलेन्सर आणि कन्व्हर्टरमध्ये जुनं ऑइल किंवा कूलंट साठलेलं असतं, ते जळून संपायला एक-दोन लांब फेऱ्या लागतात. माझ्या गाडीनं ब्रीदर साफ केल्यावर तीन दिवस धूर दिला आणि मी जवळजवळ चौथ्या गॅरेजचा नंबर फिरवला होता. या दिवसांत सायलेन्सरकडे बघू नका, वहीकडे बघा. पाचशे किलोमीटरनंतर डिपस्टिक आणि कूलंट जागच्या जागी असतील तर धूर जुना आहे. पातळी उतरलीच असेल तर ऑइल कॅप काढून कागद ठेवण्यापासून पुन्हा सुरुवात करा.